सोळा आणे शाळा

मित्राची गाडी गॅरेजमध्ये पडली होती आणि त्याला लेकीसाठी शाळा बघायला जायचं होतं, म्हणून मी ड्रायव्हर झालो. बाकी काही कारण नाही. इंग्लंडातल्या स्टीव्हनेजला राहून नऊ वर्षं झाली, हर्टफर्डच्या बाजूला भाजी आणायला, पोरांना पोहायला न्यायला शंभरदा गेलो असेन, पण हर्टफर्ड हीथच्या त्या रस्त्यावरून जाताना झाडांच्या वर एक हिरवट घुमट दिसायचा आणि मला कायम वाटायचं की हे काहीतरी सरकारी प्रकरण असणार, हॉस्पिटल किंवा जेल. ती हेलीबरी निघाली. इंग्लंडमधल्या जुन्या, महागड्या, खासगी बोर्डिंग शाळांपैकी एक.

आधी एक गोंधळ मिटवतो कारण मी स्वतः दोन वर्षं त्यात होतो. इंग्लंडमध्ये ज्याला ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात ती अजिबात पब्लिक नसते. आपल्या झेडपीच्या शाळेसारखी जी शाळा असते ती ‘स्टेट स्कूल’. पब्लिक स्कूल म्हणजे कुठल्याही गावचा, कुठल्याही घरचा मुलगा (फी भरली तर) येऊ शकतो ती, म्हणजे एखाद्या सरदाराने घरी मास्तर ठेवून शिकवण्याच्या तुलनेत ‘सार्वजनिक’. आता लोक सरळ इंडिपेंडंट स्कूल म्हणतात. देशातली जेमतेम सहा-सात टक्के मुलं अशा शाळांत जातात आणि मंत्री, न्यायाधीश, संपादक वगैरेंची यादी काढली की हे सहा-सात टक्के एकदम फुगतात. आमच्या ऑफिसातल्या बायका-पुरुषांना हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणी कुठल्या शाळेत होता हे विचारत नाहीत, उच्चारावरून ओळखतात. आपण नाही का आडनावावरून ओळखत.

तर ओपन मॉर्निंग होती, म्हणजे पालकांना शाळा दाखवायची सकाळ. चहा, बिस्किटं, पालकांचे चांगले कोट. मित्राने टाय घातला होता, मी फ्लीसचं जॅकेट. फिरवून आणायला शाळेतलीच मुलं देतात, आमच्या वाट्याला सोळा-सतराचा एक उंच पोरगा आला, नम्र, उलटं चालत बोलायची सवय असलेला. मित्राच्या लेकीने त्याला विचारलं, तू कुठल्या हाऊसमध्ये, म्हणजे बोर्डिंगच्या कुठल्या घरात? तो म्हणाला, बार्टल फ्रिअर.

मी थांबलोच.

पुणे विद्यापीठात दोन वर्षं काढली आहेत मी. त्या मेन बिल्डिंगसमोरच्या हिरवळीवर बसून ज्या वेळेला अभ्यास करायचा त्या वेळेला शेंगदाणे खाल्लेत. ती इमारत म्हणजे गव्हर्नरचा पावसाळी बंगला, १८६४ मध्ये काम सुरू झालं ते १८७१ पर्यंत चाललं, आणि काम सुरू करणारा मुंबईचा गव्हर्नर होता बार्टल फ्रिअर. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडायला लावले तोही हाच. फ्लोरा फाउंटनला आधी ह्याचंच नाव द्यायचं घाटत होतं. आपण ज्याला पी. डिमेलो रोड म्हणतो तो पूर्वीचा फ्रिअर रोड. आणि त्याच्या आधी, १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य वारस नाही म्हणून खालसा झालं तेव्हा साताऱ्याला कंपनीचा माणूस कोण, तर हाच. हा सगळा ऐवज त्या पोराला माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्याच्यासाठी बार्टल फ्रिअर म्हणजे टेबल टेनिसचं टेबल, टोस्टर आणि हाऊसमॅचमध्ये हरवायचं ते शेजारचं लॉरेन्स हाऊस.

मी त्याला म्हणालो, तुझ्या हाऊसच्या माणसाने बांधायला काढलेल्या बिल्डिंगमधून माझी डिग्री आहे. तो ‘ओ, कूल’ म्हणाला आणि आम्हाला चॅपल दाखवायला घेऊन गेला.

घरी आल्यावर मी वाचत बसलो. दोन आठवडे बायको म्हणत होती की शाळा त्यांना घ्यायची आहे का तुला. पण प्रकरणच तसं आहे.

ही जागा मुळात शाळा नव्हतीच. ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं. त्याआधी कंपनीकडे हिंदुस्थानात जाणारे पोरगे पंधरा-सोळाव्या वर्षी, कुठल्यातरी डायरेक्टर मामाच्या चिठ्ठीवर जहाजात बसायचे आणि इकडे येऊन जिल्हे चालवायचे. तेव्हाचा गव्हर्नर जनरल वेलस्ली, त्याने १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं, पण लंडनच्या डायरेक्टरांना ते खर्चिक वाटलं आणि खरं म्हणजे आपल्या पोरांना कोण शिकवणार हे वेलस्लीने ठरवावं हे रुचलं नाही. मग त्यांनी स्वतःचं काढलं. १८०६ मध्ये हर्टफर्डच्या किल्ल्यात वर्ग सुरू झाले आणि १८०९ मध्ये हेलीबरीला नवीन इमारत. विल्यम विल्किन्स नावाचा तरुण आर्किटेक्ट, ज्याने पुढे ट्रॅफल्गर स्क्वेअरमधली नॅशनल गॅलरी बांधली. बागबगीचा हम्फ्री रेप्टनने आखला, तोही त्या काळचा बडा माणूस. समोरून बघितलं तर पांढऱ्या दगडातली लांबच लांब भिंत, मधे मधे ग्रीक देवळासारखे खांब, समोर उतरत जाणारं गवत. त्या भिंतीमागे मात्र एक प्रचंड चौक आहे आणि तिथं सगळं तुलनेनं साधं. आपल्या वाड्याला दर्शनी बाजूला नक्षीचा दरवाजा आणि आत शेणाने सारवलेलं अंगण, तसं काहीसं. हा चौक इंग्लंडातल्या शाळा-कॉलेजांत सगळ्यात मोठ्यांपैकी, हे फिरवणारा पोरगा दोनदा म्हणाला.

दोन वर्षांचा कोर्स, चार टर्म. ग्रीक-लॅटिन, गणित, कायदा, इतिहास, अर्थशास्त्र आणि फारसी, संस्कृत, हिंदुस्थानी वगैरे. फारसी शिकवायला १८२६ पासून मिर्झा मुहम्मद इब्राहिम नावाचे इराणी गृहस्थ होते, जवळपास अठरा वर्षं ते तिथं राहिले. हर्टफर्डशायरच्या त्या थंडीत, १८३० च्या सुमाराला, विशीच्या आतल्या इंग्रज पोरांकडून फारसी क्रियापदं घोकून घेणारा इराणी माणूस. मला त्या सगळ्या खांबांपेक्षा हा माणूस जास्त दिसतो. इथं माझी पहिली थंडी मी ऑफिसच्या हीटरला चिकटून काढली होती.

कायदा शिकवायला १८१८ ते १८२४ जेम्स मॅकिन्टॉश होता. हा आधी मुंबईला रेकॉर्डर म्हणजे मोठा न्यायाधीश होता आणि १८०४ मध्ये त्याने मुंबईत लिटररी सोसायटी काढली, तीच पुढं एशियाटिक सोसायटी. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून वडापाव खाताना हा माणूस कुणाला आठवत नाही आणि आठवायची गरजही नाही, पण संबंध हा असा. संस्कृत शिकवायला शेवटी शेवटी मोनियर विल्यम्स, ज्याचा जाडजूड संस्कृत कोश अजून वापरतात. तो जन्मला मुंबईत, १८१९ मध्ये.

आणि इतिहास-अर्थशास्त्राला होता थॉमस माल्थस. तोच तो, लोकसंख्येवाला. १८०५ मध्ये नेमणूक झाली ती १८३४ मध्ये मरेपर्यंत. पोरं त्याला ‘पॉप’ म्हणायची, पॉप्युलेशनवरून. कॉलेजात अभ्यासाबरोबर दंगाही चिकार चालायचा, दगडफेक, फटाके, मास्तरांचा अपमान, लंडनमध्ये पार्लमेंटपर्यंत बोंब गेली की हे कॉलेज बंद करा. १८१७ मध्ये माल्थसला चक्क एक पुस्तिका लिहून कॉलेजची बाजू मांडावी लागली. थोडक्यात, ज्यांना आपण नंतर ‘साहेब’ म्हणून हात जोडले ते इथं रेक्टरच्या खिडक्यांवर दगड मारणारे हॉस्टेलचे पोरगे होते. हॉस्टेलला राहिलेल्या माणसाला ह्यात काही नवल वाटणार नाही.

आता मी येतो माझ्या गावाकडे, कारण मला मुळात एवढं खाजवायला लागलं ते ह्याच्यामुळे.

माल्थसच्या वर्गात एक हुशार मुलगा होता, रॉबर्ट कीथ प्रिंगल. कॉलेजातून निघालेल्या सगळ्यात चमकदार पोरांपैकी. माल्थसने १८१५ मध्ये जमिनीच्या ‘रेंट’वर लिहिलं होतं आणि तेच वर्गात शिकवलं जायचं. सोप्या भाषेत असं की शेतातून जे पिकतं त्यातून बी-बियाणं, बैल, मजुरी, शेतकऱ्याचं पोट आणि त्याचा वाजवी नफा वजा केला की जे उरतं तो खरा ‘रेंट’, आणि तो मालकाचा. हिंदुस्थानात जमिनीचा मालक कोण, तर कंपनी म्हणाली आम्ही. मग हे उरलेलं सरकारने घेतलं तरी शेतकऱ्याचं काही बिघडत नाही, शेती तशीच चालू राहते. कागदावर बघितलं तर खरंच सुंदर आहे. कोणाचं नुकसान नाही, राज्य चालतं, शेतकरी जगतो.

पेशवाई १८१८ मध्ये बुडालेली. दख्खनचा मुलूख हातात, पण सारा किती घ्यायचा ह्याचा मेळ लागत नव्हता. आणि कंपनीने पुणे जिल्ह्याची मोजणी कोणाला दिली, तर ह्याच प्रिंगलला. १८२७ च्या सुमाराला त्याने काम सुरू केलं, माती-मातीचे वर्ग पाडले, एकेका वर्गाला खर्च किती, पीक किती, बाजारभाव किती, ह्याची खंडीभर आकडेमोड केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचा वाटा धरला. १८३० पासून ते लागू झालं.

आणि इंदापूर तालुक्यात ते सपशेल आपटलं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात आहे. आता उजनीचं पाणी आहे, ऊस आहे, पण माझ्या आजोबांच्या बोलण्यात जो तालुका यायचा तो कोरडा, सावलीला बाभूळ आणि पावसाची वाट. अशा मुलखात निव्वळ उत्पन्न काढायचं कसं? एका वर्षी सहा पोती, दुसऱ्या वर्षी पेरलेलं पण उगवत नाही. प्रिंगलची आकडेमोड ज्या माहितीवर उभी होती ती माहिती खालच्या कारकुनांनी आणली, आणि त्या कारकुनांनी कुणाकडून काय घेऊन कुठली जमीन कुठल्या वर्गात बसवली हे आपल्याला तलाठी ऑफिसात एकदा जरी जाऊन आलं तरी कळतं. त्यात धान्याचे भाव पडले, पावसाने दगा दिला. सारा मात्र ठरलेला. काही वर्षांत रानंच्या रानं पडीक पडली, लोक गाव सोडून निजामाच्या मुलखात गेले. हेलीबरीच्या वर्गात ह्या सिद्धांताला काही धक्का लागला नसेल. तिथं पाऊस वेळेवर पडतो.

मग १८३५ च्या आसपास गोल्डस्मिड नावाचा तरुण मुलकी अधिकारी आणि त्याच्या जोडीला लष्करी इंजिनिअर विंगेट, ह्यांनी इंदापुरात सगळं पहिल्यापासून केलं. त्यांनी निव्वळ उत्पन्न काढायचा नादच सोडला. काय केलं तर खड्डे खणले. एकेका शेताचे भाग पाडून मातीत खड्डा, खोली हाताने मोजायची, म्हणजे कोपरापासून बोटापर्यंतचा हात. काळी, तांबडी, हलकी असे तीन प्रकार आणि खोलीप्रमाणे नऊ प्रती. पावणेदोन हात खोल काळी माती असेल तर ती सोळा आण्याची. दीड हात, चौदा आणे. सव्वा हात, बारा. असं करत करत दोन आण्यापर्यंत. मग दोष बघायचे. चुनखड असेल, वाळू असेल, उतार असेल, पाण्याने धुपत असेल तर एकेका दोषाला एकेक प्रत खाली. पीक किती येईल ह्याचा अंदाज नाही, नुसतं ही जमीन त्या जमिनीपेक्षा किती बरी किंवा वाईट. आणि तालुक्याचा एकूण दर मागच्या वसुलीचा अनुभव बघून बेताने धरला, तीस वर्षं बदलायचा नाही, मधे विहीर पाडली, बांध घातला तरी सारा वाढणार नाही. १८३६ मध्ये इंदापुरात हे लागू झालं आणि पडीक रानं पुन्हा वहितीखाली आली. हेच नंतर सगळ्या मुंबई इलाख्यात गेलं.

मी काय साहेबांचं कौतुक करायला बसलेलो नाही. तीस वर्षं संपल्यावर, अमेरिकेतल्या लढाईने कापसाचे भाव चढलेले असताना, फेरमोजणी झाली आणि आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, चांगलाच वाढवला, मग भाव कोसळले, शेतकरी सावकाराच्या दारात, आणि १८७५ मध्ये आमच्या शेजारच्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या. ते सगळं आहेच. पण वर्गात शिकलेलं गणित घेऊन आलेला माणूस आणि मातीत हात घालून मोजणारा माणूस, हा फरक मला त्या ओपन मॉर्निंगच्या बिस्किटांपाठोपाठ घरी घेऊन आला.

तात्यांना फोन लावला. तात्या म्हणजे माझे चुलते, शहात्तर वर्षांचे, फोन कानापासून चार बोटं लांब धरून ओरडून बोलतात.

“तात्या, आपल्या ओढ्याकडच्या रानाची प्रत काय धरलीय जुन्या कागदात?”

“कुठल्या, खालच्या? ते दहा आण्याचं. वरचं बरड, ते चारबी न्हाय. का रं?”

“कशी धरतात माहितीये का?”

“खणून. आमचे आजे सांगायचे, मोजणीवाला आला की आपल्या हातानं खणून दाखवायचा न्हाय, तो खणंल तिथं खणू द्यायचा आणि चुनखड लागली का नशीब म्हणायचं.” मग थोडं थांबून, “चुनखड लागली तर सारा कमी हुतोय ना.”

सातबाऱ्यावर अजून ‘आकार’ लिहिलेला असतो. आमच्या दीड एकराला रुपया आणि काही पैसे. लोक ती ओळ वाचतसुद्धा नाहीत, कर्जाच्या बोज्याची ओळ वाचतात. आणि शेजारी ‘पोटखराबा’. म्हणजे ओढा, खडक, वाट, जिथं पिकत नाही आणि म्हणून ज्याच्यावर आकार नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हा एकर तरी कुठला आपला. हा हिशोब आमच्या घरात इतका मुरलाय की ‘सोळा आणे खरं’ म्हणताना आपण रुपयाच्या, आणि जमिनीच्याही, भाषेत बोलतोय असं कुणाला वाटत नाही.

(एक मजा सांगायची राहिली. प्रिंगलचं पुढं काही वाईट झालं नाही. तो सिंधचा कमिशनर झाला आणि १८५० मध्ये त्याच्या जागी सिंधला कोण आलं तर बार्टल फ्रिअर, जो हेलीबरीतून १८३४ मध्ये निघाला होता. एकाच हॉस्टेलची पोरं एकमेकांना खुर्च्या देत होती. आपल्याकडे एकाच बॅचचे अधिकारी देतात तसंच.)

कॉलेज १८५८ च्या जानेवारीत बंद पडलं. १८५३ च्या कायद्याने डायरेक्टरांचा चिठ्ठी द्यायचा हक्क गेला, १८५५ पासून स्पर्धा परीक्षा आली, आणि मामाच नाही तर भाच्यांचं कॉलेज कशाला. त्यात सत्तावनचा उठाव, कंपनीच गेली. इमारत ओस पडली. चार वर्षांनी, १८६२ मध्ये, तिथं शाळा उभी राहिली, हेलीबरी कॉलेज ह्याच नावाने. नवीन शाळेला जुनी इमारत मिळाली आणि त्याबरोबर जुनी भुतंसुद्धा. जुन्या शाळांकडे असते तशी परंपरा आपल्याकडे नाही म्हटल्यावर त्यांनी कॉलेजची उचलली आणि हाऊसेसना नावं दिली ती अशी: बॅटन, ले बा, मेलव्हिल, हे कॉलेजचे प्रिन्सिपॉल. एडमनस्टोन, लॉरेन्स, थॉमसन, कॉल्व्हिन, ट्रिव्हेलियन, बार्टल फ्रिअर, हे हिंदुस्थान चालवणारे. म्हणजे मुंबई, पंजाब, आग्रा असा सगळा नकाशा डॉर्मिटरीच्या दारांवर. कॉलेजच्या काळात प्रत्येक पोराला स्वतःची खोली होती, कंपनीचा पैसा. शाळेने भिंती काढून लांबच लांब डॉर्मिटऱ्या केल्या, पोरांना कडक करायचं म्हणून, आणि थंडीत खिडक्या उघड्या. फी भरून थंडीत झोपायचं, हे इंग्रजांनाच जमावं.

अशी शाळा चालते कशी हे मला मित्राच्या निमित्ताने नीट कळलं. वर एक काउन्सिल, म्हणजे आपल्या संस्थेचं कार्यकारी मंडळ. हेडमास्तरला इथं ‘द मास्टर’ म्हणतात, नुसतं मास्टर, बाकीच्या मास्तरांनी काय म्हणवून घ्यायचं कोण जाणे. पण पोराच्या दृष्टीने खरं राज्य हाऊसचं. हाऊसमास्टर किंवा हाऊसमिस्ट्रेस तिथंच कुटुंबासकट राहतात, मेट्रन असते, ती ताप बघते, मोजे शोधून देते, घरच्या आठवणीने रडणाऱ्याला हॉट चॉकलेट देते. मोठी पोरं प्रीफेक्ट. सकाळ, खेळ, अभ्यास, झोप, भांडणं, सगळं हाऊसमध्ये. इयत्तांची नावंसुद्धा सरळ नाहीत, नववीला ‘रिमूव्ह’, दहावीला ‘मिडल्स’, अकरावीला ‘फिफ्थ’. मित्राची लेक हे पाठ करत होती आणि मला वाटलं, आमच्या गुरुजींनी ‘थोरली पहिली’ आणि ‘धाकटी पहिली’ म्हटलं तेव्हा आम्ही कसे हसलो होतो.

जेवण मात्र हाऊसमध्ये नाही, सगळ्या शाळेचं एकत्र. १९३२ मध्ये बांधलेला प्रचंड हॉल, पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांची आठवण म्हणून. आर्किटेक्ट हर्बर्ट बेकर. नवी दिल्लीतली सचिवालयं बांधली तोच. दिल्लीचं उद्घाटन १९३१ ला, आणि पुढच्या वर्षी हा हॉल. मी तिथं उभा राहिलो तेव्हा पास्त्याचा वास येत होता आणि ताटं आपटल्याचा आवाज.

१९४२ मध्ये शाळेत इम्पीरिअल सर्व्हिस कॉलेज मिसळलं, त्या कॉलेजात त्याआधी मिसळलेली एक शाळा होती जिथं किपलिंग शिकला. म्हणून आता एक हाऊस किपलिंगच्या नावाचं. तोही मुंबईचा जन्म. मुली १९७३ पासून, आधी फक्त वरच्या दोन वर्गांत, आणि १९९८ पासून सगळीकडे. आज साधारण नऊशे मुलं-मुली. सिनेमावाला क्रिस्टोफर नोलन इथलाच, हे फिरवणाऱ्या पोराने न विचारता सांगितलं, आणि मित्राच्या लेकीचा निर्णय मला वाटतं तिथंच झाला.

आणि ॲटली. क्लेमंट ॲटली १८९६ ते १९०१ इथं होता, लॉरेन्स हाऊसला. लॉरेन्स म्हणजे व्हाइसरॉय लॉरेन्स, इथंच शिकलेला. शाळेतून निघाल्यावर १९०५ मध्ये ॲटली लंडनच्या पूर्व भागातल्या स्टेपनीला गेला, तिथं गरीब पोरांसाठी हेलीबरीच्या माजी विद्यार्थ्यांनी एक क्लब चालवला होता, हेलीबरी हाऊस. सहज बघायला गेला तो तिथंच राहिला, तो क्लब चालवायला लागला आणि तिथली घरं, भूक बघून समाजवादी झाला. मग १९४७. त्या चौकातून जे राज्य चालवायला पोरं गेली ते राज्य आवरून द्यायचा कायदा ह्याच चौकातल्या पोराच्या सरकारने केला. ह्याला काव्यगत न्याय वगैरे म्हणायचा मोह होतो, पण ॲटली शेवटपर्यंत शाळेवर जीव टाकून होता, त्याला त्यात काही विसंगती वाटली नाही. मला वाटतं त्यालाही खड्डा खणायला मिळाला, स्टेपनीला. एवढंच.

मित्राने फॉर्म भरला. लेकीला डे स्कॉलर म्हणून, म्हणजे रोज घरून ये-जा करणारी, घालायचं ठरतंय कारण बोर्डिंगची वर्षाची फी चाळीस हजार पौंडांच्या वर जाते. त्यात २०२५ च्या जानेवारीपासून सरकारने खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला, आधी शिक्षणाची फी म्हणून त्यावर व्हॅट माफ होता. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्यावरून रोज महाभारत. मी कुणाच्या बाजूने आहे हे मला माहीत नाही. माझा मुलगा स्टेट स्कूलला आहे, खूश आहे, पण त्या गवताच्या उतारावर उभं राहिल्यावर माझ्याही मनात एक आकडेमोड झाली, खोटं कशाला बोलू. घर विकलं तर, गावची वाटणी झाली तर.

ती आकडेमोड मी तात्यांना सांगितली, चेष्टेने. आकडा रुपयांत सांगितला तेव्हा पलीकडून काहीच आलं नाही, मला वाटलं फोन कट झाला.

“वर्षाला?”

“वर्षाला. वर सरकारचा वीस टक्के.”

“म्हंजे त्यांनाबी आकार बसला म्हणायचा.” हे बोलताना त्यांना बरं वाटल्याचं मला इतक्या लांबून कळलं. “जागा किती हाय शाळंला?”

“पाचशे एकर.”

“आँ? पाचशे? पाणी?”

“पाऊस बारमाही, तात्या.”

“मग पिकवत्यात काय?”

“काही नाही. गवत. क्रिकेट, रग्बी, हॉकी. थोडी झाडं.”

तात्या बराच वेळ गप्प होते. मागं बैलाच्या घंटेचा आवाज येत होता, किंवा काकींनी भांडी काढली असतील.

“आरं,” ते म्हणाले, “म्हंजे सगळा पोटखराबाच की.”